कोवळ्या पेराचे वळण

परतीचा पाऊस भाताला कधी तारतो, तर कधी मारतो. भिवंडी तालुक्यात आजही जिथे भातखाचरे शिल्लक आहेत, तिथल्या शेतकऱ्याचा जीव आश्विन महिन्यात टांगणीला लागलेला असतो. भात पोटरीतून निसवलेले असते, लोंब्या बाहेर पडलेल्या असतात, दाण्यात दूध भरू लागलेले असते. आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या संध्याकाळी पूर्वेकडून काळे ढग चढून येतात. तासाभराच्या वादळी पावसानंतर सकाळी बांधावर उभे राहून पाहावे, तो खाचरेच्या खाचरे आडवी झालेली असतात. पीक लोळले, असे म्हणून लोक हळहळतात.

पडघ्याच्या बाजूला आमच्या परिचयाचे एक वृद्ध शेतकरी आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. असे लोळलेले शेत पाहून आम्ही एकदा त्यांच्यापाशी हळहळ व्यक्त केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सगळंच गेलं असं नाही. कोवळं असताना पडलं, तर थोडं तरी उठतं. पिकल्यावर पडलं, तर मग विळाच.” तीन-चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो. ज्या खाचरातले भात उशिरा लावले होते, तिथल्या ताटांनी खरोखरच माना वर उचलल्या होत्या. बुंधा जमिनीला टेकलेला, मधला भाग आडवा, पण शेंडा आकाशाकडे. शेजारच्या पिवळ्या पडत चाललेल्या खाचरात मात्र एकही ताट हलले नव्हते.

हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेण्याची ओढ आम्हांला तेव्हापासून लागली. त्यातून जे वाचले, जे घरात आणि आसपास पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भाताच्या ताटाला ठरावीक अंतरावर पेरे असतात. प्रत्येक पेरापाशी पानाचा तळ काडीला म्यानासारखा वेढून असतो आणि त्या म्यानाच्या मुळाशी किंचित फुगीर असे एक कडे असते. ताट उभे असते तेव्हा हे कडे निवांत असते. ताट आडवे पडले, की त्याची खालची बाजू वाढू लागते. वरची बाजू मात्र जवळजवळ होती तशीच राहते. एक बाजू लांब आणि दुसरी आखूड झाल्यावर काडी वर वळणारच! एका पेराने सारे काम होत नाही; ते काही अंशच वळते. वरच्या दोन-तीन पेरांनी आपापला वाटा उचलला, की शेंडा उभा होतो. मात्र त्यासाठी कड्यातील पेशी वाढू शकण्याच्या वयाच्या असाव्या लागतात. त्या एकदा निबर झाल्या, की ताटाला आपण आडवे आहोत याचा कितीही पत्ता लागो, त्याच्या हाती काही उरत नाही. काकांनी आपल्या दोन वाक्यांत हेच सांगितले होते.

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला सरळपणा म्हटला की यंत्रमाग आठवतो. मागावरचा उभा धागा सरळ असतो, कारण त्याला दोन्ही टोकांनी ताणून धरलेले असते. ताण सुटला की धागा लोंबतो. झाडाला असे कोणीच ओढून धरलेले नसते. त्याचा सरळपणा एकदा मिळाला आणि कायमचा राहिला, असाही नसतो. वारा, पाऊस, फळांचा भार, शेजारच्या झाडाची सावली यांमुळे ते सतत कलत असते आणि सतत स्वतःला दुरुस्त करीत असते. त्याला पाय नाहीत. जागा सोडून जाणे त्याच्या नशिबी नाही. आपल्या हातांत जसे स्नायू असतात तसे त्याला नाहीत. वळायचे तर त्याला वाढावेच लागते. झाडाचे प्रत्येक वळण हे एका अंगाला थोडे जास्त आणि दुसऱ्या अंगाला थोडे कमी वाढल्याचा परिणाम असते. मराठीत आपण ‘वळण लावणे’ हा शब्दप्रयोग मुलांच्या संगोपनासाठी वापरतो. तो ज्याने प्रथम केला, त्याने वेलीला मांडवाकडे वळविताना नीट पाहिले असले पाहिजे.

परंतु खाली कुठे आणि वर कुठे, हे झाडाला कळते कसे?

हा प्रश्न प्रयोगाने सोडविण्याचा मान टॉमस अँड्रू नाइट या इंग्रज बागाइतदाराकडे जातो. त्याने १८०६ साली आपल्या बागेतील ओहोळावर एक पाणचक्की बसविली आणि तिच्या वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या कडेला घेवड्यासारख्या शेंगवर्गीय बिया बांधल्या. चाक दिवसरात्र फिरत राहिले आणि बिया त्यावरच रुजल्या. पाहतो तो सर्व मुळे चाकाच्या बाहेरच्या बाजूला गेलेली आणि सर्व कोंब आतल्या बाजूला, आसाकडे वळलेले! फिरत्या चाकावर वस्तू बाहेर फेकली जाते. मुळांनी त्या फेकण्यालाच ‘खाली’ मानले होते. मुळाला पाणी हवे म्हणून ते खाली जाते, कोंबाला उजेड हवा म्हणून तो वर येतो, असे सांगून आपण मुलांचे समाधान करतो. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. मातीच्या काळोखात पुरलेल्या बीला उजेड दिसत नसतो. तिला कळतो तो भार.

हा भार मोजण्याची जी सोय वनस्पतीत आहे, ती कोणत्याही गृहिणीच्या परिचयाची वाटावी इतकी साधी आहे. मुळाच्या अगदी टोकाला संरक्षक टोपी असते. तिच्यातील काही पेशींत पिठाचे जड कण असतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून ठेवले, तर थोड्या वेळाने जसे ते तळाशी बसते, तसे हे कण पेशीच्या तळाशी बसतात. मूळ आडवे झाले, की कण घरंगळून नव्या तळाशी जातात आणि पेशीला समजते की खालची दिशा बदलली. हाबरलांट आणि नेमेत्स या दोन शास्त्रज्ञांनी ही कल्पना १९०० साली स्वतंत्रपणे मांडली आणि ती मुख्यतः टिकून राहिली आहे. कण बसल्यावर ‘ऑक्झिन’ नावाचे वाढीचे संप्रेरक खालच्या बाजूला अधिक जमते. येथे एक मौज आहे. ऑक्झिनच्या वाढलेल्या प्रमाणाने कोंबाची वाढ जोराने होते, तर मुळाची वाढ मंदावते. म्हणून तोच निरोप ऐकून कोंबाची खालची बाजू लांबते आणि तो वर वळतो. मुळाची खालची बाजू मागे पडते आणि ते खाली वळते. एकच निरोप, दोन कानांनी दोन प्रकारे ऐकलेला.

स्वयंपाकघरात मटकीला किंवा मुगाला मोड आणताना हे रोज घडते. फडक्यात घट्ट बांधलेल्या कडधान्याचे मोड सरळ का येत नाहीत, हे आमच्या घरातील मुलांनी एकदा विचारले होते. फडके धुवायला, पाणी शिंपायला आपण ते दरवेळी हलवितो, उलटेपालटे करतो. प्रत्येक वेळी दाण्याची ‘खाली’ बदलते आणि मोड पुन्हा वळण घेतो. ताटातल्या उसळीतील प्रत्येक आकडा म्हणजे पोटली कितीदा हलली याची नोंदच होय.

आणि जिथे ‘खाली’ नाहीच, तिथे काय होत असेल? ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी६० या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात आपल्या ‘इस्रो’ने चवळीच्या आठ बिया एका बंद पेटीत पाठविल्या होत्या. त्या चार दिवसांत रुजल्या आणि पुढे त्यांना पाने फुटली. त्यानंतर २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला हे भारतीय अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी मूग आणि मेथी रुजवून पाहिली. तिथे पिठाचे कण तळाशी बसत नाहीत, कारण तळच नसतो. मूळ बी ज्या बाजूला ठेवले असेल त्या बाजूने पुढे जाते किंवा भरकटते. अशा ठिकाणी वाट दाखवायला उजेड तेवढा उरतो. आमच्या मोडाच्या पोटलीतील दोन धान्ये इतक्या दूर जाऊन आली, याचे आम्हांला उगाचच कौतुक वाटले.

उजेडाची गोष्ट सांगायची, तर आम्हांला नाताळचा गोठा आठवतो. आगमनकाळ सुरू झाला, की आमच्या घरी पत्र्याच्या डब्यांच्या झाकणांत माती घालून नाचणी आणि गहू पेरतात. नाताळपर्यंत गोठ्यापुढे हिरवेगार कुरण तयार व्हावे हा हेतू. एके वर्षी जागेच्या अडचणीमुळे एक झाकण पलंगाखाली ठेवले होते आणि दुसरे खिडकीत. खिडकीतले रोप बुटके, हिरवे आणि सारेच्या सारे एका बाजूला, गल्लीकडे झुकलेले. पलंगाखालचे रोप त्याच्या दुप्पट उंच, पण पांढुरके पिवळे आणि बोट लावताच कोसळणारे. आजीने ते पाहून म्हटले, “हे बिचारे उजेड शोधायला धावले.” शास्त्राच्या भाषेतही याहून निराळे काही सांगता येणार नाही. अंधारात रोप पाने रुंद करीत नाही, हिरवा रंग तयार करीत नाही. दाण्यातली होती नव्हती ती सारी शिदोरी ते उंची गाठण्यावर खर्च करते. शिदोरी संपण्यापूर्वी उजेड भेटला तर तरले, नाही तर तिथेच संपले.

खिडकीतले झाकण मुले रोज सकाळी अर्धे फिरवीत. कुरण सरळ राहावे म्हणून. एकोणिसाव्या शतकात युलियस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने घड्याळाच्या यंत्रावर कुंडी बसवून ती संथ गतीने फिरती ठेवण्याचे उपकरण केले, ते याच तत्त्वावर. कोणतीच बाजू फार वेळ एका दिशेला राहू द्यायची नाही, म्हणजे रोपाला वळायला कारण मिळत नाही.

रोप उजेडाकडे वळते याचा छडा चार्ल्स डार्विन यांनी आपल्या उतारवयात लावला. पुत्र फ्रान्सिस यांच्या साहाय्याने त्यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले. कोंबाच्या शेंड्यावर काळी टोपी घातली, तर एका बाजूने उजेड येऊनही कोंब वळत नसे. टोपी पारदर्शक असली, तर वळे. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला, तरीही वळे. म्हणजे पाहतो तो शेंडा आणि वाकतो तो त्याच्या खालचा भाग. शेंड्यापासून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असे त्यांनी १८८० साली लिहून ठेवले. तो निरोप हाती यायला आणखी शेहेचाळीस वर्षे लागली. १९२६ साली हॉलंडमधील उत्रेख्त येथे फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकाने ओटच्या कोंबांचे शेंडे कापून अगर-अगरच्या तुकड्यांवर ठेवले. अगर-अगर म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो आणि सणावाराला ज्याचे दुधातील पुडिंग करतो, तेच. काही वेळाने शेंडे काढून टाकले आणि नुसता अगरचा तुकडा शेंडा छाटलेल्या कोंबावर एका कडेला ठेवला. पूर्ण अंधारात, उजेडाचा किरणही नसताना, कोंब दुसऱ्या बाजूला वाकला! शेंड्यातून झिरपून अगरमध्ये उतरलेले द्रव्य म्हणजेच पुढे ज्याला ऑक्झिन म्हणू लागले ते. उजेड पाहणारे प्रथिन, जे विशेषतः निळा उजेड टिपते, त्याची ओळख तर १९९० च्या दशकात पटली.

या साऱ्यात आम्हांला चकित करणारी गोष्ट निराळीच आहे. रोप उजेडाकडे वळते, तेव्हा उजेडाची बाजू त्याला ओढीत नाही. ऑक्झिन सावलीच्या बाजूला सरकते आणि वाढते ती सावलीतली बाजू. अंधारातील अंग लांबते, म्हणून तोंड उजेडाकडे होते.

वनस्पतींच्या हालचालींचा विषय निघाला, की आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘झाडांना भावना असतात हे बोसांनी सिद्ध केले’ असे जे सर्रास बोलले जाते, ते आम्हांला रुचत नाही. त्यामुळे त्यांचे खरे कष्ट झाकले जातात. त्यांची एक हकिगत मात्र आमच्या वाचकांना अवश्य कळावी. पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, फरीदपूर येथे खजुराचे एक कललेले झाड होते. संध्याकाळी देवळातील घंटा वाजू लागल्या, की ते मस्तक जमिनीकडे लववी आणि सकाळी पुन्हा वर उचली. लोक त्यास ‘प्रार्थना करणारे झाड’ मानू लागले, नवस बोलू लागले. बोसांनी त्या श्रद्धेची टवाळी केली नाही. त्यांनी झाडाला अखंड नोंद करणारे यंत्र जोडले आणि शेजारी तापमानाचीही नोंद ठेवली. झाड दुपारच्या उष्म्याने खाली येऊ लागे आणि रात्रीच्या गारव्याने वर जाई. कललेल्या खोडाची वर उठण्याची धडपड आणि भाराची खालची ओढ यांच्यातील तोल उष्णतेप्रमाणे बदलत होता. घंटेची वेळ आणि झाडाची वेळ एक आली होती, इतकेच. पुढे बोसांना दिसून आले, की इतर झाडेही थोड्याफार प्रमाणात असेच करतात. ते डोळ्यांना दिसत नाही एवढेच. एका झाडाचा चमत्कार गेला आणि सगळ्याच झाडांचा हाती आला. हा सौदा आम्हांस तरी तोट्याचा वाटत नाही.

खजुराचा भाऊबंद असलेला आपला माड पाहा. वसईच्या वाचकांना सांगायला नकोच; पाण्याच्या किंवा मोकळ्या जागेच्या दिशेने झुकलेले माड त्यांच्या नित्य दृष्टीस पडतात. आंबा, फणस यांसारख्या झाडांची खोडे दरवर्षी जाड होतात आणि खोड कलले, तर वरच्या अंगाला निराळ्या प्रकारचे लाकूड घालून हळूहळू ते स्वतःला ओढून घेतात. माडाला ती सोय नाही. त्याचे खोड एकदा तयार झाले, की ते पुन्हा जाड होत नाही, की सरळ होत नाही. वळू शकतो तो केवळ शेंड्यावरचा एकुलता एक कोंब. म्हणून माड तळाशी कितीही वाकडा असला, तरी त्याची झावळ्यांची टोपी आभाळाकडेच असते आणि मधले खोड म्हणजे त्या झाडाच्या आयुष्याचा अमिट आलेख असतो. इथे पुरात माती खचली, इथे शेजारचे झाड पडून उजेड मोकळा झाला, असे जाणत्या माणसाला त्यावरून वाचता येते.

भाताच्या बाबतीत माणसाने एक जवळची वाट काढली. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली ‘आयआर-८’ हे बुटके वाण दिले. ताट आखूड, म्हणून लोळण्याचा धोकाच कमी. भाताची एक गंमतीची जातही सापडली होती, जिचे फुटवे उभे राहायचे सोडून जमिनीवर पसरत. तिच्यात बिघडलेल्या जनुकाला शास्त्रज्ञांनी ‘लेझी’, म्हणजे आळशी, हेच नाव दिले आणि २००७ साली त्याचा पत्ता लावला. ते शाबूत असेल, तरच ताट उभे राहण्याचे मनावर घेते! मुळांची तिरकी किंवा खोल दिशा ठरविणारे दुसरे एक जनुक २०१३ साली उजेडात आले. उथळ मुळांच्या वाणात त्याचा कार्यक्षम प्रकार आणला, तेव्हा मुळे अधिक खोल गेली आणि दुष्काळातही पीक हाती आले.

हे सारे खरे. परंतु भिवंडीत आज भाताची चिंता करायची, तर लोळण्याची नव्हे, खाचरांची करावी लागेल. मानकोली, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, काल्हेर या गावांच्या परिसरात गोदामे उभी राहिली आणि भिवंडीची ओळख यंत्रमागांइतकीच गोदामांची झाली. यातून अनेकांच्या चुली पेटल्या, त्यांत आमच्या धर्मग्रामातील तरुणही आहेत. तेव्हा गोदामांना नुसती नावे ठेवणे आम्हांला शोभणार नाही. मात्र दोन गोदामांमधल्या चिंचोळ्या पट्टीत लावलेली झाडे आम्ही पाहतो. शेजारच्या झाडाची सावली आणि भिंतीची सावली यांत झाडाच्या दृष्टीने फरक असतो. पानांतून गाळून आलेल्या उजेडातला तांबडा भाग शोषला गेलेला असतो. त्यावरून झाडाला शेजारी कोणी वाढतो आहे हे ओळखता येते आणि ते वेळीच उंच होऊ लागते. भिंत असा इशारा देत नाही. ती सगळाच उजेड सारखाच कमी करते. मग झाड वरच्या आभाळाच्या पट्टीकडे किंवा रस्त्याच्या बाजूला कलत जाते आणि एक दिवस ट्रकच्या वाटेत येते म्हणून छाटले जाते.

गावाच्या दुसऱ्या अंगाला, खाडीकडे, याहून गंभीर गोष्ट घडत आहे. कामवारी नदी आणि उल्हासची खाडी यांच्या काठी, कशेळी-काल्हेरपासून खारबावच्या बाजूपर्यंत ठिकठिकाणी तिवरांची दाटी आहे. तिवर हे झाड वर सांगितलेल्या सर्व नियमांना अपवाद वाटावे असे आहे. त्याची मोठी मुळे खाली न जाता चिखलात आडवी पसरतात. आणि त्या आडव्या मुळांतून बोटाएवढी, पेन्सिलीएवढी मुळे सरळ वर, आभाळाकडे निघतात. मुळे असून ती कोंबासारखी वागतात. ओहोटीच्या वेळी झाडाभोवती शेकडो खुंट्या रोवल्यासारख्या दिसतात त्या याच. खाडीच्या चिखलात हवा नसते. मुळे गुदमरू नयेत म्हणून झाडाने नाके वर काढलेली असतात. त्यांच्या सालीवरील बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि आतल्या पोकळ ऊतींतून चिखलातील मुळांपर्यंत पोचते. एकाच झाडाची काही मुळे खाली, काही आडवी आणि काही वर. प्रत्येकीला भाराची दिशा ठाऊक असते. त्या दिशेचे करायचे काय, हे तिच्या कामावर ठरते.

मुंबई इलाख्यातील या वनांवर १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात अभ्यासपूर्ण लेख लिहिणारे गृहस्थ एक धर्मगुरू होते, हे आमच्या वाचकांना ठाऊक असावे. येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. भारतात येऊन दोन-तीन वर्षेही झाली नसतील, तोच त्यांनी चिखलातल्या या झाडांकडे लक्ष वळविले.

भरती-ओहोटीबरोबर येणारा गाळ थोडाथोडा साचत असतो, आणि त्याच्याबरोबर या खुंट्याही वर येऊ शकतात. हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु रात्रीतून ट्रक येतात आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, मुरूम, माती टाकून जातात. सकाळी पाहावे तर हात-दोन हात भराव! इतक्या वेगाने कोणतेही मूळ वाढत नाही. नाके बुजतात, आणि मग महिन्याभरात म्हणा, दोन महिन्यांत म्हणा, वरची पाने पिवळी पडू लागतात. झाड तोडल्याचा आवाज होतो, घाव दिसतो. भरावाने मारलेले झाड आपोआप वाळल्यासारखे दिसते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातील तिवरांच्या तोडीस आणि त्यांवरील भरावास मनाई केली. २०१८ च्या निकालात तर कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. राज्याने २०१२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी या त्यांच्यातील एका झाडाला राज्यवृक्षाचा एक मान दिला. म्हणजे कायदा आहे, कक्ष आहे, मानही आहे. आपापल्या गावच्या खाडीकाठी भराव पडताना दिसला, तर तहसील कार्यालयात किंवा वनखात्याकडे लेखी तक्रार करता येते, हे आम्ही आमच्या तरुण मंडळींना मुद्दाम सांगतो. पाने पिवळी पडल्यावर केलेल्या तक्रारीचा त्या झाडाला उपयोग नसतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही भिवंडीच्या खाडीकाठच्या एका गावी ओहोटीच्या वेळी गेलो होतो. काठाचा एक तुकडा भरावाखाली गेला होता आणि त्यावरची तिवरे राखाडी होऊन उभी होती. भराव जिथे संपत होता, तिथून पुढे मात्र खुंट्या दाट होत्या. त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या अडकून फडफडत होत्या. गुडघाभर चिखलात एक बाई चिंबोऱ्या धरीत होती. वाटेत येणाऱ्या पिशव्या ती डाव्या हाताने सोडवी, कमरेच्या गाठोड्यात कोंबी आणि उजव्या हाताने बिळात आकडा घाली. “मावशी, या पिशव्या कशाला गोळा करता?” असे आम्ही काठावरून विचारले. “बुजलं की चिंबोरी येत नाही,” ती म्हणाली आणि पाणी चढायच्या आत पुढच्या झाडाकडे सरकली.